२७ इंची मॉनिटर आणि ‘शिंपी’वरचा अनुस्वार

अमळनेरला आमचं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची पत्रकं, निवडणूक आली की पॅम्प्लेटं. छपाईचं मशीन आमचे हे बघतात, कॉम्प्युटर मी बघते. बावीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर, लगीनसराई तोंडावर असताना, जुना साडेएकवीस इंची मॉनिटर बाजूला केला आणि २७ इंची, क्यूएचडी (फुल एचडीपेक्षा जास्त ठिपक्यांचा), १०० हर्ट्झचा नवा आणला. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून, १६,५०० रुपयांना. चार महिने रोज दहा-बारा तास त्याच्यापुढे बसल्यावर हे लिहितेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या आकाराच्या आणि या आकड्यांच्या कुठल्याही मॉनिटरला लागू पडतं.

माल चांगला आहे. घ्या. पण पहिले दहा दिवस मी तो परत करायच्या बेतात होते, आणि त्या दहा दिवसांत माझ्या हातून पाचशे पत्रिका वाया गेल्या.

झालं असं. काउंटरच्या पलीकडे बसलेल्या गिऱ्हाइकाला पत्रिका दिसावी म्हणून जुना मॉनिटर त्यांच्याकडे तोंड करून ठेवायचं ठरलं. मॉनिटर बसवायला आलेल्या मुलाला मी म्हटलं, दादा, माझ्या स्क्रीनवर जे दिसेल तेच तिकडेही दिसू दे. त्याने दोन बटणं दाबली, दोन्हीकडे एकच चित्र आलं, चहा घेऊन तो गेला. मी सांगितलेलंच काम त्याने केलं होतं, त्याला बोल लावायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर नवा मॉनिटर जुन्यापेक्षा वाईट दिसतोय! अक्षरं मोठी, पण कडा मऊ पडलेल्या, जसं काही शाई फुटलीय. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. तशात एक शिंपी कुटुंबाची पत्रिका होती. ‘शिं’वर वेलांटीचा वळसा येतो आणि त्या वळशाला चिकटूनच अनुस्वार बसतो. पूर्ण पत्रिका एका नजरेत दिसेल एवढी लहान करून मी शेवटचं वाचन केलं, वळशाच्या टोकाला जो काळा डाग होता तोच अनुस्वार समजले. अनुस्वार टाइपच झाला नव्हता. ‘शिपी’ छापून गेलं, मुलाच्या नावाखाली आणि निमंत्रकांतही. मुलाचे वडील गठ्ठा घेऊन परत आले, आवाज न चढवता एवढंच म्हणाले, ‘ताई, आमचं आडनावच बदललं.’ पाचशे पत्रिका आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. कागदाचे पैसे गेले ते गेले, पण माणसाच्या आडनावात चूक होणं आमच्या धंद्यात फार लागतं.

माझे सासरे, आप्पा, आयुष्यभर खिळे जुळवायचे. शिशाचे उलटे खिळे सुलटे असल्यासारखे वाचणारा माणूस. वय आता ऐंशीच्या पुढे. ते येऊन नव्या स्क्रीनपुढे बसले, चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लावलं आणि म्हणाले, ‘अक्षर फुटेल शे.’ अक्षर फुटलंय, असं अहिराणीत. म्हणजे दोष माझ्या डोळ्यांत नव्हता.

मग मी पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने उत्तर दिलं, मामी, हा तर स्वच्छ आहे. इथे एक गोष्ट मला कळली ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. स्क्रीनशॉट हा कॉम्प्युटरच्या आतल्या चित्राचा निघतो, काचेवर काय उमटतंय त्याचा नाही. मॉनिटरची तक्रार दाखवायची तर मोबाइल जवळ नेऊन फोटो काढावा लागतो. तसा काढून पाठवला तेव्हा त्याला अक्षराच्या कडेला राखाडी ठिपक्यांची किनार दिसली. तो म्हणाला, मामी, डेस्कटॉपवर राइट क्लिक करा, डिस्प्ले सेटिंग्ज उघडा, रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांचा आकडा, काय आहे वाचा. वाचलं: १९२० × १०८०. तो म्हणाला, मॉनिटर २५६० × १४४० चा आहे ना?

आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपके कारखान्यातच ठरतात, नंतर बदलत नाहीत. माझ्या नव्या मॉनिटरवर आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके आहेत, म्हणजे एकूण ३६,८६,४०० इतके. फुल एचडीवर, म्हणजे १९२० × १०८० वर, २०,७३,६०० असतात. आता कॉम्प्युटर जर १९२० ठिपक्यांचंच चित्र पाठवत असेल तर मॉनिटरला ते २५६० ठिपक्यांवर पसरावं लागतं. हे म्हणजे पंधरा ठिपक्यांची रांगोळी वीस ठिपक्यांवर बसवण्यासारखं झालं. एकाला एक ठिपका जुळत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला एक आणि वर तिसरा हिस्सा येतो. ठिपका काही तोडता येत नाही. मग मॉनिटर शेजारच्या दोघांचा रंग मिसळून मधली जागा भरतो. काळ्या अक्षराच्या कडेला राखाडी रंग येतो तो इथून. फोटोत किंवा सिनेमात हे कळतही नाही. अक्षरात लगेच कळतं, आणि देवनागरीत जास्तच, कारण शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार अशी चौघांची दाटी दोन-चार ठिपक्यांत होते.

बरं, जुन्या मॉनिटरवरही १९२० × १०८० च होतं, मग तिथे स्वच्छ का दिसायचं? एक तर तो त्याचा स्वतःचा आकडा होता, ठिपक्याला ठिपका जुळत होता. दुसरं म्हणजे तो लहान होता. साडेएकवीस इंचांत तेवढे ठिपके बसवले तर इंचाला सुमारे १०२ पडतात. तेच चित्र २७ इंचांवर ताणलं की इंचाला ८२ उरतात. म्हणजे १६,५०० रुपये मोजून मी विरळ विणीचं कापड घेतलं होतं, तेही सुरकुतलेलं. २५६० × १४४० केलं की २७ इंचांत इंचाला सुमारे १०९ ठिपके येतात, जुन्यापेक्षा थोडी दाट वीण. म्हणून माझं ठाम मत: ज्याला दिवसभर मराठी अक्षर वाचायचंय त्याने २७ इंची फुल एचडी घेऊ नये. स्वस्त मिळतो, दुकानात व्हिडिओ लावून दाखवतात तेव्हा झकास दिसतो, पण अक्षराला तो चालत नाही. फुल एचडीच घ्यायचा तर बावीस किंवा चोवीस इंचांत थांबा.

मग मी आकडा बदलायला गेले तर यादीत २५६० दिसेचना! भाच्यालाही कोडं पडलं. फोनवर अर्धा तास गेला तेव्हा कारण सापडलं. दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र ठेवलं होतं ना, त्याला विंडोजमध्ये डुप्लिकेट म्हणतात. डुप्लिकेटमध्ये दोन्ही मॉनिटरना एकच रिझोल्यूशन मिळतं, आणि ते दोघांनाही झेपेल असं असावं लागतं. जुना १९२० च्या पुढे जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याने नव्यालाही आपल्यापाशी थांबवून ठेवलं होतं. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं, यादीतून एक्स्टेंड निवडलं, आणि २५६० × १४४० लगेच हजर, पुढे कंसात रेकमेंडेड असं लिहिलेलं. तो शब्द दिसला की समजावं, हा मॉनिटरचा स्वतःचा आकडा.

निवडलं, पंधरा सेकंदांत कीप चेंजेस दाबलं. तेवढ्या वेळात दाबलं नाही तर विंडोज आपोआप जुन्यावर परत जातं, त्यामुळे चुकीचा आकडा पडून स्क्रीन काळी झाली तरी घाबरू नका, हात न लावता थांबा.

आप्पांना हाक मारली. ‘शिंपी’ उघडून ठेवलं होतं, तेवढ्याच लहान आकारात, अनुस्वार एकदा घालून आणि एकदा काढून. वळसा वेगळा, बिंदू वेगळा, मधे केसाएवढी पांढरी फट. आप्पांनी बोट काचेला न लावता त्या फटीपाशी धरलं. ‘आते दखास व माय,’ आता दिसतंय गं बाई, म्हणाले, आणि बराच वेळ तसेच बघत बसले.

आता एक्स्टेंडमुळे गिऱ्हाइकाकडचा स्क्रीन वेगळा झाला. पत्रिकेची पीडीएफ मी माउसने ओढून तिकडे नेते, ते वाचतात. हे उलट बरंच झालं. आधी मी मेनू उघडला की त्यांनाही तो दिसायचा आणि लक्ष भलतीकडे जायचं. आता त्यांच्यापुढे फक्त पत्रिका असते. मी त्यांना आडनावावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावते.

पुढची अडचण माझ्या वयाची. पंचेचाळिशी ओलांडली, ठिपके दाट झाले की मेनूची अक्षरं बारीक होतात. आमच्याच गल्लीतल्या एका सायबर कॅफेत मी पाहिलंय, अक्षर मोठं करायला ते रिझोल्यूशन कमी करून ठेवतात. कृपा करून तसं करू नका. रिझोल्यूशनच्या वरच स्केल नावाचा पर्याय असतो: १००, १२५, १५० टक्के. स्केल वाढवलं की तेच अक्षर जास्त ठिपके वापरून मोठं काढलं जातं, कडा धारदारच राहतात. मी १२५ ठेवलंय. एक खोट आहे: माझं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर स्केल वाढवल्यावर धूसर झालं. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात कम्पॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये खूण केली तेव्हा ते सरळ झालं, फक्त बटणं बारीक राहिली. तेवढं चालवून घेते.

आता हर्ट्झचं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढलं जातं तो आकडा. खोक्यावर १०० लिहिलेलं, मी पैसेही त्याचे दिलेले. पण अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन पाहिलं तर रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, ५९.९५, आणि यादीत १०० नाहीच. ५९.९५ पाहून बिचकू नका, तो साठच धरायचा. अडचण केबलची होती. खोक्यात एचडीएमआयची केबल आली होती, तीच लावलेली. माझ्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा एचडीएमआय जुन्या १.४ पद्धतीचा आहे. त्या नळीतून २५६० × १४४० चं चित्र सेकंदाला साठ वेळा नीट जातं, शंभर वेळा जात नाही. त्याच मदरबोर्डवर शेजारी डिस्प्लेपोर्टचं छिद्र होतं, प्लास्टिकच्या टोपणासकट, आठ वर्षांत कोणी न उघडलेलं. त्यातून हे सहज जातं. ही केबल अमळनेरात दोन दुकानांत विचारूनही मिळाली नाही. शेवटी आमचे हे कागद आणायला जळगावला गेले तेव्हा सहाशे रुपयांना आणली. दोन्ही टोकं लावली, अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये गेले, यादीत १०० आलेलं होतं. विंडोजने ते स्वतःहून निवडलं नाही, मला निवडावं लागलं. म्हणजे १०० हर्ट्झचा मॉनिटर साठवरच चालवणारी कितीतरी मंडळी आपल्या आसपास असणार.

जळगावहून केबल येईपर्यंतच्या दिवसांत मी विचार करत होते की याने मला काय फरक पडणार. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढलं जातं तो आकडा. साठला दोन चित्रांमध्ये साधारण १६.७ मिलिसेकंद जातात, शंभरला १०. फरक सात मिलिसेकंदांचाही नाही. पण तो दिसतो. लांबलचक यादी माउसच्या चाकाने सरकवताना नावं आधी फरफटत जायची, आता सरकतानाही वाचता येतात. तीन हजार नावांची यादी तपासताना दर वेळी थांबून वाचावं लागत नाही, संध्याकाळी कपाळ कमी ठणकतं. माउसचा बाणही हाताबरोबर चालतो. सवय झाल्यावर हे विसरायला होतं, पण एकदा मुद्दाम साठवर नेऊन पाहा, मन लगेच म्हणेल की काहीतरी अडकतंय.

पण हर्ट्झचा मोह किती धरायचा, त्यालाही मर्यादा आहे. १०० वरून १४४ ला गेलात तर वाचतात तीनच मिलिसेकंद. भाचा दिवाळीत आला होता तेव्हा त्याच्या खोलीतल्या १६५ चं कौतुक सांगत होता. त्याचं बरोबर आहे, तो खेळतो. पण मॉनिटर १६५ वेळा काढायला तयार असला तरी कॉम्प्युटरने तेवढी चित्रं बनवून द्यायला हवीत ना. माझ्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. या उन्हाळ्यात आला की त्याने त्याचा खेळ इथे लावून पाहायचं ठरलंय, पण त्यानेच आधी सांगून ठेवलंय की चाळीस चित्रांच्या वर जाणार नाही. स्वयंपाकघरात तवा एकच असेल तर शंभर ताटं मांडून काय होणार. मोठा बॅनर कोरलड्रॉमध्ये ओढताना माझ्याकडेही चित्र अडखळतं, १०० हर्ट्झ असूनही. तो दोष मॉनिटरचा नाही.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी पैसे आधी ठिपक्यांवर घालावेत, हर्ट्झवर नंतर. दुकानदार उलट सांगतो, कारण हर्ट्झचा मोठा आकडा विकायला सोपा.

काही जुने लोक अजून विचारतात, साठवर ठेवलं तर डोळे दुखतात ना? हे काचेच्या पोटाच्या जुन्या मॉनिटरचं. २००३ साली मी क्लासला जायचे तेव्हा तिथे पंधरा इंची डबे होते, ८०० × ६०० वर. सरांनी माझा साठवरून ८५ वर केला आणि माझी डोकेदुखी थांबली होती, मला ते पक्कं आठवतं. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत रेघ-रेघ ओढत चित्र काढायचा आणि काढलेला ठिपका लगेच विझायचा, म्हणून लुकलुक व्हायची. आताच्या पॅनेलमध्ये ठिपका पुढचा हुकूम येईपर्यंत आपला रंग धरून ठेवतो. साठवर लुकलुकत नाही. डोळे दुखत असतील तर आधी उजेड कमी करा. आमच्या दुकानाचं तोंड रस्त्याकडे आहे, तरी मी ब्राइटनेस ४० वर ठेवते. कारखान्यातून तो खूपच वर ठेवलेला येतो.

बाकीचं थोडक्यात. स्टँड कच्चा आहे, टेबलाला धक्का लागला की मॉनिटर मान डोलावतो, आणि उंची कमी-जास्त होत नाही. मी खाली ऑफकट कागदाचे दोन गठ्ठे ठेवलेत. सेटिंगची बटणं पाठीमागे आहेत, चाचपडून शोधावी लागतात, पण एक सोय छान आहे: त्या मेनूत सध्या कुठलं रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ येतंय ते मॉनिटर स्वतः सांगतो. कॉम्प्युटर काय म्हणतो त्यापेक्षा हे वाचलेलं बरं. रंग ठीक आहेत. हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल वेगळे ओळखू येतात, छापून येतो तसाच लाल मात्र कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही, ती अपेक्षा धरू नये. घेतल्या दिवशी पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं पान उघडून मेलेला ठिपका शोधला होता, सापडला नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा हा कसा टिकतो ते अजून पाहायचंय.

आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो म्हणून कॉम्प्युटरच्या धंद्यात जगभर गेली. त्याच गावात डिस्प्लेपोर्टची केबल मिळू नये याचं मला मनापासून वाईट वाटलं. इथल्या दुकानदार भावांनी दोन-चार तरी आणून ठेवाव्यात, आमच्यासारखे गिऱ्हाईक आता वाढणार आहेत.

घ्यायला जाणाऱ्यांनी निघण्याआधी कॉम्प्युटरच्या पाठीमागचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावा. फक्त निळं व्हीजीएचं छिद्र असेल तर हा मॉनिटर घेऊ नका, आधी कॉम्प्युटर बदलायला लागेल. एचडीएमआयच असेल तर तो माझ्यासारखा जुन्या पद्धतीचा निघून मॉनिटर साठवरच चालेल, याची तयारी ठेवा. डिस्प्लेपोर्ट असेल तर केबल त्याच दुकानातून, त्याच बिलावर घ्या, आणि बसवायला येणाऱ्या मुलाला २५६० आणि १०० हे दोन आकडे स्क्रीनवर दाखवल्याशिवाय चहा देऊ नका.